नाताळची गोष्ट बायबलमध्ये नेमकी काय आहे ते घरच्या घरी कसं तपासायचं

मागच्या वर्षी लेकीला नाताळच्या नाटकात धर्मशाळेच्या मालकाचा रोल मिळाला. एकच डायलॉग, "जागा नाही, पुढे जा!", पण आठ दिवस घरात तोच चालू होता, दूधवाल्याला सुद्धा तेच. मग एक दिवस तिने विचारलं, बाबा ह्या माणसाचं नाव काय? म्हटलं थांब, बघून सांगतो, आणि बायबलमधलं लूकचं पुस्तक उघडलं. दुसरा अध्याय दोनदा वाचला. नाव तर नाहीच, माणूसच नाही! तो कुणाला हाकलत नाही, दार लावत नाही, काहीच नाही. मी नगरकडचा, संडे स्कूलमध्ये वाढलेला, त्या नाटकात मेंढपाळापासून हेरोदापर्यंत सगळे रोल केलेला माणूस, आणि हे मला चाळिशीत कळलं.

तेव्हापासून मी आमच्या नाटकवाल्या मंडळींना एक उद्योग लावलाय, तो इथे लिहून ठेवतो. ख्रिस्ती असा नसा, नाटक बसवत असाल, गोठा सजवत असाल किंवा नुसती उत्सुकता असेल तरी चालेल. "नाताळबद्दलचे दहा गैरसमज" टाइपचे व्हिडिओ बघू नका हो, त्यातले निम्मे जुना गैरसमज काढून नवा घालतात. त्यापेक्षा मूळ वाचा, दोन संध्याकाळचं काम आहे फक्त.

सामान काय लागतं तर मराठी बायबल (बायबल सोसायटीचं घरोघरी असतं ते, नाहीतर मोबाइलवर फुकट मिळतं), जमलं तर दुसरं एखादं भाषांतर, एक कागद आणि दोन रंगांची पेनं. कागदाच्या मधून उभी रेघ मारा, डावीकडे मत्तय, उजवीकडे लूक. मार्क आणि योहान बाजूला ठेवा कारण त्यांच्यात जन्माची गोष्ट नाहीये. मार्क थेट बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून सुरू होतो आणि योहान "प्रारंभी शब्द होता" म्हणून एकदम वरच्या पट्टीत सुरुवात करतो. चार शुभवर्तमानांपैकी (म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली ही चार पुस्तकं) दोघांनीच ही गोष्ट सांगितलीय हेच पुष्कळांना माहीत नसतं.

आता महत्त्वाचं, दोन्ही एका बैठकीत वाचू नका. पहिल्या दिवशी मत्तय १ आणि २, एकूण ४८ वचनं, त्यातली पहिली १७ वंशावळ. वंशावळीवरून उडी मारायची नाही हां, तिच्यात तामार, राहाब, रूथ अशा बायका येतात आणि त्या का येतात हा एक वेगळाच विषय आहे. दुसऱ्या दिवशी लूक १ आणि २, हे मोठे आहेत, १३२ वचनं. वाचताना फक्त तीनच गोष्टी लिहायच्या: कोण आलं, कुठे घडलं, कशाच्या आधी-नंतर. डोक्यात जे आधीपासून बसलंय ते लिहायचा मोह होतो, माझ्या मेव्हणीने डावीकडे लूक न वाचताच "मेंढपाळ" लिहून टाकलं होतं, खोडायला लावलं.

दोन दिवसांनी कागद बघा. मत्तयाच्या बाजूला योसेफाची स्वप्नं, पूर्वेकडून आलेले मागी लोक (नाटकातले तीन राजे), तारा, हेरोद राजा, मिसरला म्हणजे इजिप्तला पलायन, बाळांची कत्तल. लूकच्या बाजूला जखऱ्या आणि अलीशिबा, गब्रीएल देवदूत, मरीया, नावनिशी (म्हणजे शिरगणती), गव्हाण, मेंढपाळ, देवदूत, मंदिरातले शिमोन आणि हन्ना. दोन्हीकडे कॉमन काय उरतं? मरीया, योसेफ, पवित्र आत्म्याने गर्भधारणा, बाळाचं नाव येशू ठेवायचं हा देवदूताचा निरोप, बेथलेहेममध्ये जन्म, हेरोदाचा काळ आणि शेवटी नासरेथ. बास. मेंढपाळ आणि मागी एकाच गोठ्यात शेजारी शेजारी उभे आहेत हे चित्र दोन्ही पुस्तकांपैकी एकातही नाही, ते आपण कागदाची रेघ पुसून तयार केलंय.

रेघ ठेवली की अजून एक गोष्ट दिसते जी मला तरी आधी कधी दिसली नव्हती. लूकमध्ये योसेफ-मरीया मुळात नासरेथचे, नावनिशीसाठी बेथलेहेमला जातात आणि मंदिरातले विधी झाले की सरळ घरी परततात. मत्तयात बेथलेहेमला येण्याच्या प्रवासाचा पत्ताच नाही, ते बेथलेहेममध्ये घरात आहेत, तिथून मिसर, आणि परत येताना यहूदीयात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतोय म्हणून घाबरून गालीलात नासरेथला जाऊन राहतात, जणू पहिल्यांदाच. हे दोन्ही जुळवायचे प्रयत्न खूप झालेत, जुळवा न जुळवा तुमची मर्जी, पण जुळवायला लागतंय हे तरी माहीत पाहिजे ना.

पुढचं काम एका शब्दाचं. लूक २:७ मध्ये आपल्या मराठीत आहे की बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं कारण उतारशाळेत जागा नव्हती. आता ह्या "उतारशाळे"मुळेच धर्मशाळेचा मालक जन्माला आला. मूळ ग्रीक शब्द आहे कटाल्यूमा. तोच शब्द लूकने पुढे २२:११ मध्ये वापरलाय, तिथे येशू शिष्यांना वल्हांडणाच्या (यहुदी सणाच्या) जेवणासाठी खोली विचारायला पाठवतो, म्हणजे कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. आणि पैसे देऊन राहायची खरीखुरी धर्मशाळा सांगायची असते तेव्हा, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात म्हणजे बोधकथेत, १०:३४ ला, लूक वेगळाच शब्द वापरतो, पांडोखेयोन. तुमच्या भाषांतरात ह्या तीन जागी काय काय शब्द आलेत ते शेजारी लिहून बघा, पाच मिनिटं लागतात, भाषांतरकाराने कुठे काय ठरवलं ते लगेच कळतं.

म्हणून आता बरेच अभ्यासक म्हणतात की तिथे "पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती" असा अर्थ जास्त बसतो. बेथलेहेम योसेफाच्या घराण्याचं गाव, नावनिशीला सगळे नातेवाईक जमलेले, वरची खोली भरलेली, मग ही दोघं खालच्या भागात. त्या काळच्या तिकडच्या साध्या घरांमध्ये घरच्यांची एकच मोठी खोली असायची, माणसं थोड्या उंच जमिनीवर, आणि दाराजवळच्या खोलगट भागात रात्री जनावरं आत घ्यायचे, गव्हाण तिथेच. हे कुणाला अवघड वाटत असेल तर त्याने आजोळचं जुनं घर आठवावं. आमच्या आजीकडे शेळ्या आणि वासरू रात्री आतच असायचे आणि आम्ही पोरं त्यांच्यापासून दहा फुटांवर झोपायचो, कुणाला काही वाटायचं नाही. थंडीत ऊब राहते ते वेगळंच. मला तरी ही घरातली मांडणी जास्त पटते, कारण मरीया गावाबाहेर एकटी तडफडतेय आणि कुणी दार उघडत नाही हे लूक सांगतच नाही, आणि घरी आलेल्या गरोदर सुनेला असं बाहेर ठेवणारं गाव मला काही डोळ्यांसमोर येत नाही.

गोठा हा शब्द पण शोधा, लूकमध्ये सापडणार नाही, फक्त गव्हाण आहे. गुहेची परंपरा मात्र जुनी आहे, दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक गुहेचा उल्लेख करतो, आणि बेथलेहेममधलं चर्च ऑफ द नेटिव्हिटी अशाच एका गुहेवर उभं आहे, चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात बांधलेलं आणि सहाव्यात पुन्हा उभारलेलं. खडकात कोरलेली गुहा घराचाच भाग असणं त्या भागात नवल नाही, त्यामुळे घर आणि गुहा ह्यात भांडण असायलाच पाहिजे असं नाही.

तिसरी पायरी माझी आवडती, हिला आम्ही "हजेरी" म्हणतो. नाटकातल्या किंवा गोठ्यातल्या प्रत्येक पात्राचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि समोरच्याने वचन दाखवायचं. दाखवता आलं नाही की गैरहजर.

गाढव? गैरहजर! नासरेथ ते बेथलेहेम शंभर किलोमीटरच्या वर अंतर, मरीया कशी गेली हे लूक लिहीत नाही. गाढव येतं ते याकोबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका जुन्या ग्रंथातून, दुसऱ्या शतकातला, बायबलमध्ये न घेतलेला. म्हातारा विधुर योसेफ पण त्यातलाच, सुईण पण त्यातलीच. बायबलमध्ये योसेफाचं वय नाही आणि मरीयेचंही नाही.

बैल? गैरहजर. मेंढ्या मेंढपाळांसोबत रानात होत्या, त्या गावात आल्या असं लिहिलेलं नाही (सोडून आले का घेऊन आले, मेंढपाळालाच विचारा). बैल आणि गाढव ही जोडी मुळात यशया १:३ मधली, बैल धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाची गव्हाण माहीत असते पण माझ्या लोकांना कळत नाही, अशा अर्थाचं वचन आहे ते. गव्हाण म्हटल्यावर जुन्या चर्चवाल्यांना हे वचन आठवलं आणि जोडी चित्रात आली. मग १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो नावाच्या इटलीतल्या गावात गवत, गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची मिस्सा (कॅथलिक उपासना) केली, तिथून हा देखाव्याचा प्रकार पसरत पसरत आपल्या वसई-गोव्यापर्यंत.

आल्या आल्या त्याच रात्री कळा सुरू झाल्या? गैरहजर. २:६ नीट वाचा, ते तिथे असतानाच दिवस भरले असं आहे, म्हणजे पोचून चार दिवस झाले असतील नाहीतर चार आठवडे. देवदूतांचे पंख? लूकमध्ये नाहीत. गाणं? म्हणाले असंच आहे, देवाची स्तुती करत म्हणाले. स्तुती गाऊन केली असेल की, मी काही क्वायरच्या पोटावर पाय आणत नाही. पण मेंढपाळांना दिसलेला तारा? पक्का गैरहजर. तारा मत्तयात, मेंढपाळ लूकमध्ये. मेंढपाळांना खूण मिळते ती गव्हाणीची. बाळंत्यात गुंडाळलेली बाळं गावात कितीतरी, पण गव्हाणीत ठेवलेलं एकच.

आता मागी. ह्यांच्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून स्वतंत्र बसा, मत्तय २:१ ते १२. किती होते? आकडा नाही. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसं तीन झाली. सिरियाकडच्या परंपरेत तर बारा आहेत, आणि रोमच्या भुयारी कबरस्तानांतल्या जुन्या भिंतीचित्रांत एके ठिकाणी दोन, एके ठिकाणी चार. राजे होते? नाही, मागी म्हणजे मूळचे इराणकडचे पुरोहित, ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारे. पारशांचा "मोबेद" हा शब्द त्याच मुळातला आहे, म्हणजे आपल्या मुंबईतल्या अग्यारीतला पुरोहित आणि हे बेथलेहेमचे पाहुणे शब्दाने तरी भाऊबंदच. राजेपणा आला स्तोत्र ७२ आणि यशया ६० मुळे, तिथे राजे भेटी आणतात, उंट येतात, सोनं आणि ऊद येतो. उंट पण तिथलेच, मत्तयात उंट नाहीत. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातल्या प्रसिद्ध मोझेइकमध्ये तिघे दिसतात पण डोक्यावर इराणी थाटाच्या टोप्या आहेत, मुकुट नाहीत. कास्पर, मेल्किओर, बाल्थाझार ही नावं शास्त्रात नाहीत, नंतरची आहेत. तरी त्यांच्या म्हणून मानलेल्या अस्थी ११६४ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला नेल्या आणि तिथलं अवाढव्य कॅथेड्रल त्यासाठीच उभं राहिलं.

ताऱ्याचं पण बघून घ्या. तारा रात्रभर पुढे आणि हे वाळवंटातून मागे मागे असं आपल्या डोक्यात असतं. मत्तयात त्यांनी तारा पाहिला आणि यरुशलेमला आले, राजधानीतच राजा जन्मणार ना, साधा हिशोब. तिथे विचारपूस केली, शास्त्रींनी मीखा संदेष्ट्याचं वचन काढून बेथलेहेम सांगितलं, आणि मग तिथून निघाल्यावर तारा पुढे चालला. यरुशलेम ते बेथलेहेम किती, आठ-दहा किलोमीटर.

आणि कधी आले? २:११ मध्ये ते घरात जातात आणि बाळक पाहतात, गव्हाणीचं नाव नाही. हेरोद नंतर दोन वर्षांच्या आतली मुलं मारायला सांगतो, तो काळ त्याने मागींकडूनच काढून घेतलेला होता. अजून एक बारीक धागा लूकमध्ये आहे: चाळीस दिवसांनी मंदिरात गेल्यावर ही दोघं कबुतरांच्या जोडीचा यज्ञ देतात, आणि लेवीय १२:८ बघितलं तर ती ऐपत नसलेल्यांची सूट आहे, कोकरू परवडत नसेल तर. घरात सोनं येऊन पडलं असतं तर कबुतरावर भागवलं असतं का? दोन पुस्तकं एकत्र करूनच वाचायची असतील तर मग मागी त्या चाळीस दिवसांनंतरच बसतात.

ह्याच हेरोदामुळे वर्षाचं गणित पण हलतं. जोसीफस ह्या यहुदी इतिहासकाराच्या हिशोबाने हेरोद इसवी सन पूर्व ४ मध्ये मेला असं बहुतेक इतिहासकार धरतात. येशूचा जन्म त्याच्या हयातीत, म्हणजे ख्रिस्त जन्मला ख्रिस्तपूर्व ४ किंवा त्याच्याही आधी! गडबड डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या मठवाशाची, त्याने ५२५ साली हे सन मोजायला सुरुवात केली आणि काही वर्षं चुकला. लूक मात्र क्विरीनिय सुरियाचा सुभेदार असतानाची नावनिशी म्हणतो आणि ती नावनिशी जोसीफसमध्ये इसवी सन ६ मध्ये आहे, दहाएक वर्षांचा फरक. काही जण म्हणतात क्विरीनिय आधी पण एकदा सुभेदार होता, काही जण "त्याच्या आधीची नावनिशी" असं भाषांतर करतात. मला ही ओढाताण वाटते पण तुम्ही वाचा आणि ठरवा. बाळांची कत्तल फक्त मत्तयात आहे, जोसीफसने लिहिलेली नाही, पण हेरोदाने स्वतःची तीन मुलं मारली हे लिहिलंय, तेव्हा माणूस कसा होता त्याचा अंदाज येतो. हजारो बाळं म्हणतात ते सोडून द्या, बेथलेहेम तेव्हा एक छोटं गाव होतं, दोन वर्षांखालची मुलं असून असून किती असणार.

तारीख शोधायला बसू नका, मिळणार नाही. इसवी सन २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक लोकांचे वेगवेगळे अंदाज देतो, त्यात मे महिना सुद्धा आहे. २५ डिसेंबर पहिल्यांदा स्पष्ट दिसतं ते रोमच्या ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. "हा तर रोमन सूर्यदेवाचा सण चोरलाय" हे दरवर्षी फॉरवर्ड येतंच, आता गंमत अशी की सूर्याचा तो २५ डिसेंबरचा उत्सव पण आपल्याला पहिल्यांदा त्याच ३५४ च्या संग्रहात दिसतो, मग कोणी कोणाचा घेतला ते छातीठोक सांगणं अवघड आहे. दुसरं मत असं की गर्भधारणा २५ मार्चला धरली आणि त्यात नऊ महिने मिळवले. सॅटर्नेलिया म्हणाल तर तो रोमन सण १७ ते २३ डिसेंबर. मेंढपाळ रात्री रानात होते म्हणजे हिवाळा नव्हताच हा पण आवडता मुद्दा आहे, पण आपले धनगर पौषात किती थंडीत वाड्यावर राहतात ते बघा, एवढ्यावरून महिना ठरत नाही. आर्मेनियन चर्च तर अजून ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं.

एक शेवटचा गोंधळ, आमच्या बायकोचा राखीव विषय. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म असं भले भले समजतात. ते मरीयेबद्दल आहे, ती स्वतः आईच्या पोटात आली तेव्हापासून पापाच्या डागाशिवाय होती ही कॅथलिक शिकवण, पोप पायस नववे ह्यांनी १८५४ मध्ये अधिकृत केली. पणजीच्या त्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चचं नाव तेच, आणि सण ८ डिसेंबरला. ८ डिसेंबर ते २५ डिसेंबर असा हिशोब घालून "सतरा दिवसांत?" विचारणारा एक कलीग मला भेटलाय.

हजेरी झाली की पोरं विचारतात, मग गाढव काढायचं का? मी काढत नाही. नाटकाच्या वेळी बायबल हातात घेऊन उठून दुरुस्त्या सांगणारा माणूस होऊ नका, तसा एकजण दरेक मंडळीत असतो आणि त्याला कुणी चहा विचारत नाही. गाढव कुठून आलं ते मुलांना माहीत असलं की पुरे. आमच्या पुढच्या नाटकात मालकाच्या ऐवजी योसेफाची आत्या घातलीय, ती म्हणते वरच्या खोलीत सगळे कोंबलेत गं पोरी, इथे खाली ये, शेळ्यांजवळ ऊब आहे. ती पण लूकमध्ये नाहीच, हे आधीच सांगून टाकतो.

आणि घरच्या गोठ्यासाठी एक करा. २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवा. मेंढपाळ त्या रात्री आणा. तिघा राजांना (तिघेच असू देत, सेटमध्ये तिघेच मिळतात) घराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा, सोफा, टीव्हीचं टेबल, फ्रिज असं करत ६ जानेवारीला पोचवा. गोव्यात त्याच दिवशी रेईस मागूस, चांदर आणि कासावलीला तीन राजांचं फेस्त असतं, मुकुट घातलेली तीन मुलं राजे होऊन येतात. आमच्याकडे गेल्या वर्षी एक राजा वाटेत फ्रिजमागे पडला, तो फेब्रुवारीत सापडला.